विश्लेषण : बिनशिक्क्याचा लष्करी बिल्ला कोणत्या कारखान्याचा, हे कसे ठरते?

खडवली, वासिंद, शहापूर या पट्ट्यात जुनी घरे पाडून नवी बांधली जात आहेत. आवराआवरीत ट्रंकेच्या तळाशी एखादा काळवंडलेला बिल्ला किंवा पदक निघते. फोटो मोबाइलवर फिरतो आणि तासाभरात कोणीतरी सांगते, ‘हा जर्मन आहे’, ‘हा आझाद हिंदचा आहे’, ‘लाखाला जाईल’. मागे शिक्का नाही म्हटल्यावर तर अंदाजांना ऊत येतो. शिक्का नसताना कर्ता शोधण्याची पद्धत आहे आणि ती बऱ्यापैकी भरवशाची आहे. मात्र तिचे उत्तर ‘कोणी बनवला’ एवढ्यापुरतेच असते. विक्रेते मात्र त्या उत्तरावर ‘केव्हा बनला’ आणि ‘कोणी छातीवर लावला’ हेही खपवतात. आक्षेप त्याला आहे.

जर्मन बिल्ल्यांवर शिक्के होते, मग बिनशिक्क्याचे का?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत पदके-बिल्ले एकाच सरकारी कारखान्यात बनत नव्हते. ल्यूडेनशाइड, इडार-ओबरश्टाइन, बर्लिन, व्हिएन्ना येथील अनेक खासगी कारखान्यांना ते काम मिळे. प्रत्येकाला क्रमांक होता. ल्यूडेनशाइडच्या डॉयमरचा 3, तिथल्याच श्टाइनहाउअर उंड ल्युकचा 4, इडार-ओबरश्टाइनच्या क्लाइन उंड क्वेन्झरचा 65. दुकानात विकायच्या मालासाठी ‘एल’ अक्षरानंतर आकडा, अशी वेगळी पद्धत होती. तरीही असंख्य नग कोरेच बाहेर पडले. युद्ध लांबत गेले तसे तांब्याच्या मिश्रधातूंऐवजी जस्त आले.

मग कर्ता सापडतो कसा?

पोलादी साचा एकदा कोरला की त्यातून हजारो नग ठोकले जातात. ठोकून ठोकून साच्याला बारीक तडा जातो. त्या तड्यात धातू शिरतो आणि बिल्ल्यावर केसाएवढी उंचवट्याची रेघ उमटते. आता शिक्का असलेला एक नग आणि कोरा एक नग, दोघांवर तीच रेघ त्याच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाले. तडा वाढत जातो, त्यामुळे आधीचा नग कोणता आणि नंतरचा कोणता हेही लावता येते. जोडीला गरुडाच्या पंखातली पिसे, पानांच्या शिरा, मागची बिजागरी, पिन, पिन अडकवायचा आकडा हे सगळे ताडून पाहतात. यात बिजागरी-पिनेवर फार विसंबू नये. सुटे भाग बाहेरूनही घेतले जात, आणि पिन तुटली की कोणीही दुसरी डाखते.

अस्सल नगावरून ओतीव नक्कल केली तर ती रेघही नकलेत उतरते. पण ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. कॅलिपर आणि भिंग नसताना, नुसत्या फोटोवरून छातीठोक निर्वाळा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिक्का असला म्हणजे सगळे आले, असेही नाही. ‘मेड इन यूएसए’ची उल्हासनगरी कोटी ऐकून मोठ्या झालेल्या कल्याणकरांना हे वेगळे सांगायला नको!

आझाद हिंदच्या पदकांचे काय?

सुभाषचंद्र बोस एप्रिल 1941 मध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून तिथे ‘फ्री इंडिया लिजन’ उभी राहिली. 1942 मध्ये बोस यांनी आझाद हिंदची पदके सुरू केली. ‘शेर-ए-हिंद’, ‘सरदार-ए-जंग’, ‘वीर-ए-हिंद’ अशी त्यांची नावे. ती घडवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुवाल या कारखान्याने. हा कारखाना युद्धानंतरही चालू राहिला आणि संग्राहकांसाठी जुन्या नमुन्यांचे नग काढत राहिला, काही तर युद्धकाळातल्याच साच्यांतून.

म्हणजे साचा जुळला, कारखाना ठरला, तरी पदक 1943 चे की नंतरच्या कुठल्या वर्षाचे, हा प्रश्न उरतोच. या पदकाला नक्कल म्हणावे की अस्सल? माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ते त्याच कारखान्याचे, पण सैनिकाला न मिळालेले पदक आहे. विक्रेत्याने तसे सांगून विकावे. नेताजींचे नाव घेतले की ग्राहक हिशेब विचारत नाही, हे ओळखून केलेला धंदा मला खोट्या नोटेइतकाच खोटा वाटतो. सैनिकाची कागदपत्रे किंवा घरातले जुने छायाचित्र सोबत नसेल तर पदकाला पदकाचीच किंमत द्यावी, कहाणीची नव्हे.

आपल्या घरातल्या पदकांकडे कसे पाहायचे?

आपल्याकडेही शिक्क्याविना ओळखायची उदाहरणे आहेत. 1908 चे ‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’ लंडन आणि कोलकाता अशा दोन्ही टाकसाळींत पडले. पदकाला वर धरणारा पंजा नक्षीदार असेल तर लंडनचे, साधा असेल तर कोलकात्याचे.

त्याहून मोलाची गोष्ट पदकाच्या कडेवर किंवा मागे असते. दुसऱ्या महायुद्धातले स्टार आणि पदके ब्रिटिश सैनिकांना कोरीच मिळाली, भारतीय सैनिकांना मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवून. जून 1942 मध्ये तोब्रुकला मराठा पलटणीची दुसरी बटालियन शत्रूच्या हाती पडली. इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्या दोघांची नावे इतिहासात आहेत, पण त्यांच्या शेजारी लढलेल्या शेकडो जणांच्या घरी त्या कडेवरच्या दोन ओळीच उरल्या आहेत. आणि आपण ते पदक चिंच लावून लख्ख घासतो! घासू नये. तिरप्या उजेडात कडेचा फोटो काढावा, क्रमांक वहीत उतरवावा. पलटण मराठा असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये संग्रहालय आहे, तिथे विचारावे. युद्ध पदक आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबे-निकेलचे, स्टार तांबे-जस्ताचे. भंगारवाला देईल ते पैसे वडापावला पुरतील.

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या पदकांनी ते वय गाठले आहे. दुसऱ्या युद्धातल्या पदकांना अजून पंधरा-वीस वर्षे आहेत, आणि तोवर ती कुरिअरने कुठेही जाऊ शकतात.