वीस ग्रॅमचा प्रश्न

धारूरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पळताना दिसतात. पळून झाले की पूर्वी मूठभर भिजवलेले हरभरे खाल्ले जात. आता काहींच्या खिशात चकचकीत वेष्टनातली वडी असते, प्रोटीन बार. शहरातल्या जिमपुरती असलेली ही वस्तू तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत आली आहे. किंमत शंभर रुपयांच्या आसपास किंवा वर, आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘२० ग्रॅम प्रथिने’.

या मुलांची गरज खोटी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला सुमारे पन्नास ग्रॅम. कसून सराव करणाऱ्याला थोडी अधिक, किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम धरली तरी पुरे. दोन वेळा भाकरी आणि पातळ कालवण खाणारा मुलगा या आकड्याच्या बराच खाली राहतो. प्रश्न तो भरून काढायला शंभराची नोट मोडावी लागते का, एवढाच आहे.

बारमध्ये असते काय? बहुतेक वेळा दुधातले व्हे किंवा सोयाबीनचे प्रथिन, दाणे-बदामाचा लगदा, तेल किंवा चॉकलेटचा थर, आणि गोडीसाठी साखर, खजूर किंवा माल्टिटॉलसारखे पदार्थ. काही बारमध्ये कोलॅजेन घालून प्रथिनांचा आकडा वाढवलेला असतो. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे स्नायूंच्या दृष्टीने तो आकडा फसवा. ‘साखर नाही’ असे लिहिलेल्या बारमधल्या माल्टिटॉलने अनेकांचे पोट फुगते, जुलाब होतात. असा बार खाऊन कोणी धावायला उतरला, तर त्याला मैदान सोडून भलतीकडेच धावावे लागेल. वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरे वाचताना आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका बारचा, हेही पाहावे.

आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हाही मुद्दा आहेच. २०२४ साली केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातल्या ३६ प्रथिन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्के उत्पादनांत वेष्टनावरचा आणि आतला आकडा जुळत नव्हता. ती तपासणी बारची नव्हती, पावडरींची होती. पण दुकानाचे फडताळ तेच आणि गिऱ्हाईकही तेच. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेणे टाळा, असे सांगितले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊच नये.

बार सरसकट टाकाऊ आहे, असे नाही. रात्रपाळीतली परिचारिका किंवा लांबच्या फेरीवरचा एसटी वाहक वडापाव आणि बिस्किटांच्या पुड्याऐवजी चांगल्या प्रतीचा बार खात असेल, तर बिघडत नाही. पण दोन-अडीचशे कॅलरींची वडी म्हणजे जेवण नव्हे.

आता आपल्या ताटाकडे पाहू. ज्वारीत प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी, आणि शिजवल्यावर ज्वारीचे प्रथिन पचायलाही थोडे जड जाते. शेंगदाण्याने ही उणीव थोडी भरते, पुरती भरत नाही. ती भरतात तूर, मूग, मटकी आणि हरभरा. भाकरीबरोबर नुसता ठेचा आणि भाकरीबरोबर घट्ट वरण, यांत चवीपलीकडचा फरक आहे तो हा. पन्नास ग्रॅम फुटाणे, तीस ग्रॅम शेंगदाणे आणि पेलाभर दूध मिळून वीस ग्रॅमच्या वरच प्रथिने होतात, खर्च पंचवीस-तीस रुपये. दोन उकडलेली अंडी बारा ग्रॅम देतात. गुळाचा खडा चवीपुरता. त्यात प्रथिन जवळजवळ नाही.

फुटाण्यांना हसू नये. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांवर झालेल्या आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांना तांदूळ, दूध पावडर आणि तेलाबरोबर भाजलेल्या हरभऱ्याचे पीठच दिले होते. घरातल्या इतरांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. त्या कुटुंबांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. एखाद्या औषधाने हे केले असते तर त्याची केवढी जाहिरात झाली असती!

वीस ग्रॅमचा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून वीस ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. धान्य सोडून बाकी साहित्यासाठी मे २०२५ पासूनचा दर आहे एका मुलामागे १० रुपये १७ पैसे. एका बारच्या किमतीत नऊ-दहा मुलांचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले, ते न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी बंद करून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. ज्या गावात वर्गणी देणारेच सहा महिने गावात नसतात, तिथे हे अंडे कुठून येणार? तो निधी पुन्हा सुरू व्हायला हवा.

कारण सीताफळांचा हंगाम सरत आला की धारूर तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहान मुले सोबत. मुलगा फडावर गेला की शाळेतले दुपारचे जेवण सुटते, धाकट्याचा अंगणवाडीचा आहार सुटतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ हमीच्या धान्यात नाही. बाई पहाटे भाकरी थापून फडात उतरते, दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहते आणि रात्री सगळ्यांना वाढून उरलेले खाते. या तालुक्यात प्रथिनांची सर्वांत मोठी तूट तिच्या ताटात आहे, आणि तिच्यापर्यंत कोणताही बार जाणार नाही.

हंगामी वसतिगृहे वेळेवर, म्हणजे टोळ्या निघायच्या आधी सुरू झाली, तर मुलांचे जेवण तरी सुटणार नाही. फडावर जाणाऱ्यांनी पिठाच्या पोत्याबरोबर चार-पाच किलो फुटाणे आणि तूरडाळ बांधून घ्यावी. शेंगदाणे घेतले तर कोरड्या डब्यात ठेवावेत. पालात ओल लागून काळे पडलेले, कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्यावेत, मुलांना देऊ नयेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही.