धुक्यांतील नावांचें छायाचित्र

स्वच्छ उन्हांत घेतलेलें रंगीत छायाचित्र तेंच उत्तम, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. मोबाईल हातीं आल्यापासून तर मुलें दिवसाकाठीं पुष्कळ चित्रें काढतात, आणि एकादें जरा धूसर आलें कीं तें यंत्राकडून उजळून व रंगवून घेतात. आमचें मत याहून निराळें आहे. धुक्यांत उभ्या असलेल्या नावांचें चित्र काढावयाचें, तर तें कृष्णधवल असावें व त्यांतील धुकें पुसूं नये, असें आम्हांस वाटतें. याचें कारण केवळ सौंदर्य हें नव्हे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एस्क नदीच्या मुखाशीं, व्हिटबी नांवाचें बंदर आहे. तेथें फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३–१९४१) या छायाचित्रकारानें आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ घालविला. पोटासाठीं तो गिऱ्हाइकांचीं चित्रें काढी. परंतु त्याची कीर्ति झाली ती बंदरांतील होड्या, कोळी आणि त्यांच्यावर पसरलेलें धुकें यांच्या चित्रांमुळें. त्या काळचा कॅमेरा जड लाकडाचा, आणि चित्र उठावयाचें तें कांचेच्या प्लेटीवर. प्रत्येक प्लेटीस पैसा व श्रम पडत. म्हणून आधीं नीट पाहावें, मग वाट पाहावी, आणि मगच चित्र घ्यावें, ही शिस्त आपोआप अंगीं बाणे.

धुकें म्हणजे जमिनीलगत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. १ किलोमीटरपलीकडचें दिसेनासें झालें, म्हणजे हवामानशास्त्रज्ञ त्यास धुकें म्हणतात. या थेंबांवर प्रकाश विखुरतो. त्यामुळें जवळची नाव काळी, पलीकडची करडी, आणि तिसरी केवळ छाया, अशा पायऱ्या पडतात. अंतराचा हा बोध रंगानें होत नाहीं, छटांनीं होतो. एक सूचना मात्र ध्यानांत ठेवावी : पांढऱ्या धुक्यानें कॅमेऱ्याचें प्रकाशमापक फसतें व चित्र मळकट येतें, यास्तव तें दाखवील त्याहून प्रकाश अधिक, बहुधा दुप्पट, द्यावा.

आतां मुख्य गोष्ट. जें दृश्य किनाऱ्यावरून आपणांस रम्य वाटतें, तेंच होडींतल्या माणसास संकट असतें. १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें, दिसेनासें झालें असतां यंत्रावर चालणाऱ्या जहाजानें दर २ मिनिटांच्या आंत एक दीर्घ भोंगा वाजवावयाचा असतो; शिडाच्या जहाजानें एक दीर्घ व दोन आंखूड. डोळे निकामी झाले, म्हणजे प्राण कानांवर सोंपवावे लागतात. जुलै १९५६ मध्यें अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘आंद्रेआ दोरिआ’ व ‘स्टॉकहोम’ हीं दोन मोठीं जहाजें, दोहोंवर रडार असूनही, धुक्यांत एकमेकांवर आदळलीं.

कोणी म्हणेल, रंग हेही सत्यच आहेत. मान्य आहे. परंतु जे रंग धुक्यानें गिळले आणि जी आकृति कोणास दिसलीच नाहीं, तीं यंत्रानें मागाहून भरलीं, तर त्यास सत्य कसें म्हणावें? धुकें पुसणें म्हणजे त्या माणसाचें संकटच चित्रांतून पुसून टाकणें होय.

आपल्या कोंकणांतील खाड्यांवरही हिवाळ्याच्या पहाटे कधीं कधीं धुकें उतरतें. विद्यार्थ्यांनीं वडील माणसांसह तेथें जावें, धक्क्याच्या ओल्या कडेपासून दूर राहावें, आणि पुष्कळ चित्रांऐवजीं एकच विचारपूर्वक काढावें. काढण्यापूर्वीं होडींतल्या माणसाची परवानगी घ्यावी. तो केव्हां निघतो, घरीं त्याची वाट कोण पाहतें, हें नम्रपणें विचारावें. प्रभु येशूचे पहिले शिष्य कोळीच होते, हें आमच्या शाळेंतील मुलांस सांगावयास नको.

आणि चित्र घरीं आल्यावर ‘सर्व स्पष्ट कां दिसत नाहीं?’ असें पालकांनीं विचारूं नये. त्या पहाटे नावाड्यासही तेवढेंच दिसत होतें.