बर्फीला स्थळ आलं

घरात कुत्रा असेल तर हा अनुभव तुम्हालाही असेल: बागेत तुम्हाला तुमच्या नावाने कोणी ओळखत नाही. बेंगळुरूला येऊन मला 11 वर्षं झाली, पण कब्बन पार्कच्या आमच्या कोपऱ्यात मी फक्त 'बर्फीची आई' आहे. समोरच्या बाकावर 'मोजोचे बाबा' बसतात. त्यांचं खरं नाव मला दीड वर्षाने कळलं, तेही नंबर घेताना. आणि तरीही फोनमध्ये मी ते 'मोजो पप्पा' असंच टाकलं.

बर्फी आमची पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी. वय 3 वर्षं, वजन 11 किलो, रंग तांबूस-पांढरा, कान सशासारखे उभे आणि पाय म्हणाल तर नावापुरते. ही मूळ वेल्समधली गुरं हाकणारी जात. गुरांच्या टाचांना चावा घेऊन त्यांना पुढे ढकलायचं आणि लाथ आली की खाली दबायचं, हे तिचं काम. आपल्याकडे मात्र तिची ओळख म्हणजे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचा कुत्रा. 1944 साली 18व्या वाढदिवसाला मिळालेल्या सुझन नावाच्या एका मादीपासून त्यांनी कॉर्गींच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या. लोक तेच फोटो पाहतात आणि पिल्लू आणतात. मीही तशीच आणली, खोटं कशाला सांगू?

रविवारी सकाळी आमची कॉर्गीवाल्यांची बैठक बसते. कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी बंगाली, आम्ही दोन घरं मराठी. सगळ्यांची बोलायची भाषा मोडकी हिंदी आणि विषय एकच. कोणाचं वजन वाढलं, कोणाला गोचिडांचा ताप आला, पावसात कोणाचं पोट चिखलाने माखलं. कॉर्गीचं पोट जमिनीपासून वीतभरच वर असतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून ती चालत नाही, जवळजवळ पोहतेच. घरी आल्यावर पोट धुऊन कोरडं करायचं आणि लेप्टोची लस चुकवायची नाही, हे मी इथेच शिकले. अंगावर दुहेरी केस असतात म्हणून उन्हाळ्यात चकोट करायचा मोह होतो, तोही टाळायचा. ते केस उन्हापासूनही वाचवतात. त्यापेक्षा फेरी सकाळी 7च्या आत आटपा. आणि वजनाच्या बाबतीत लाड करू नका. लांब पाठ, आखूड पाय आणि त्यावर 3 किलो जास्तीचे, हे ओझं शेवटी मणक्यावरच येतं.

मार्चमधल्या अशाच एका रविवारी मोजोचे बाबा जरा संकोचत म्हणाले, "बर्फी आता मोठी झाली. आमचा मोजोही 4 वर्षांचा आहे. करायचं का दोघांचं?"

म्हणजे बर्फीला स्थळ आलं! घरी सांगितल्यावर लेकीने तर पिल्लांची नावंही ठरवली. मोजो देखणा, स्वभावाने शांत, घर माहितीतलं. माणसांच्या स्थळातही आपण याहून जास्त काय बघतो? मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळी झाले होते.

आमच्यात एक वयस्कर गृहस्थ येतात, 'स्नूपीचे आजोबा'. स्नूपी 11 वर्षांचा. त्याचे मागचे पाय गेले आहेत. पार्श्वभागाखाली पट्टे आणि दोन चाकं असलेली छोटी गाडी बांधून तो फिरतो. मला वाटायचं, मणक्याची गादी सरकली असेल. त्या दिवशी आजोबांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "अम्मा, हो म्हणायच्या आधी बर्फीची एक टेस्ट करून घे. आम्ही केली नव्हती."

स्नूपीला झालेल्या आजाराचं नाव डीजनरेटिव्ह मायलोपथी, बोलताना सगळे डीएम म्हणतात. पाठीच्या कण्यातले मज्जातंतू हळूहळू निकामी होत जातात. हा बहुधा कुत्रा 8 वर्षांच्या पुढे गेल्यावर दिसू लागतो. आजोबांना पहिल्यांदा आवाजाने शंका आली होती. फरशीवर चालताना मागच्या नखांचा खर्र-खर्र असा घासल्याचा आवाज. पंजा उलटा पडायचा आणि स्नूपीला ते कळायचंच नाही. मग पाय एकमेकांत अडकू लागले, मग उठवेना. हा आजार दुखत नाही, एवढंच त्यात बरं. औषध नाही. व्यायामाने, चालतं ठेवल्याने काही काळ मिळतो.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, कारण दोन्ही आजार कॉर्गीत होतात. गादी सरकते तेव्हा सहसा अचानक होतं आणि दुखतं. कुत्रा पाठ कमानीसारखी करतो, हात लावू देत नाही, पाय ओढतो. अशा वेळी रविवारच्या बैठकीत सल्ला विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही तासांचा उशीरही महागात पडू शकतो. डीएम मात्र चोरपावलांनी येतो आणि इतर कारणं एकेक करून बाद केल्यावरच डॉक्टर त्याचं नाव घेतात.

या आजारामागचा जनुकातला दोष 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढला. त्यामुळे आता गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावरून कुत्र्यात तो आहे का हे कळतं. प्रत्येक पिल्लाला एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. दोन्ही चांगल्या असतील तर प्रश्नच नाही. एक सदोष असेल तर तो कुत्रा 'वाहक'. तो स्वतः सहसा ठणठणीत राहतो, पण दोष पुढे देऊ शकतो. दोन्ही सदोष असतील तर आजाराचा धोका. धोका म्हणजे खात्री नव्हे, दोन्ही प्रती सदोष असूनही म्हातारपणापर्यंत धडधाकट राहिलेले कुत्रे असतात.

मी बर्फीचा नमुना दिला. काही आठवड्यांनी उत्तर आलं: वाहक.

मोजोचे बाबा आधी दुखावले. "आमचा मोजो एकदम फिट आहे, त्याला कशाला टेस्ट?" त्यांचं चुकत नव्हतं. मोजो फिटच आहे, स्नूपीही 4 वर्षांचा असताना फिट होता. पिल्लं होण्याचं वय आधी येतं आणि आजार नंतर, खरी गोची तिथेच आहे. शेवटी वहिनींनी परस्पर नमुना पाठवला. मोजोसुद्धा वाहक निघाला.

दोन वाहक एकत्र आले तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता असते की त्याला दोन्ही सदोष प्रती मिळतील. पिल्लं गोड दिसतील, हातोहात जातील आणि 9-10 वर्षांनी कुणाच्या तरी घरात फरशीवर खर्र-खर्र सुरू होईल. तोवर आपला नंबरही त्या माणसाकडे नसेल.

म्हणून वाहक मादीला कधीच पिल्लं होऊ द्यायची नाहीत का? तसंही नाही. पेम्ब्रोकमध्ये हा दोष इतका पसरलेला आहे की सगळे वाहक बाजूला काढले तर उरलेल्या मोजक्या कुत्र्यांतच नाती जुळवावी लागतील, आणि त्यातून दुसरे आजार डोकं वर काढतील. दोन्ही प्रती चांगल्या असलेला नर मिळाला तर पिल्लांपैकी कोणालाही दोन सदोष प्रती मिळत नाहीत. म्हणजे बर्फीसाठी दार बंद नाही, फक्त मोजो नाही.

वंशावळीचे कागदही आम्ही त्याच सुमारास बाकावर पसरले. हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे. बर्फीचे आणि मोजोचे आजोबा एकच निघाले! आणि ते आजोबा कोण, तर स्नूपीच्या वेताचा सख्खा भाऊ. शहरात कॉर्गी मोजके, त्यामुळे फिरून फिरून गाठ घरातच पडते. केनेल क्लबच्या नोंदणीचा कागद आई-वडील कोण ते सांगतो, ते निरोगी होते की नाही हे सांगत नाही. 'पेपरवाला डॉग' म्हणून कोणी छाती फुगवली, तर हे आठवा.

मी बर्फी जिथून आणली तिथे फोन केला. "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं ते बर्फीपेक्षा पुढच्या गिऱ्हाइकाचं.

तुमच्याकडेही असं स्थळ आलं तर डीएमबरोबर आणखी काही गोष्टी विचारा. दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे, तोही वयाची 2 वर्षं पूर्ण झाल्यावरचा. डोळ्यांची तपासणी. रक्त न गोठण्याच्या व्हॉन विलेब्रँड आजाराची चाचणी, कारण बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या टेबलावर तो कळणं फार उशिराचं असतं. ब्रुसेलाची रक्ततपासणी दोघांचीही हवी, तो संसर्ग माणसालाही होऊ शकतो. मादीला 63 दिवसांच्या आसपास जपावं लागतं, पिल्लू अडलं तर मध्यरात्री सिझेरियन करणारा डॉक्टर आधीच बघून ठेवावा लागतो. पिल्लं विकायची असतील तर 2017च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि 8 आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू देता येत नाही. 'एकदा तरी आई होऊ दे तिला, तब्येतीला चांगलं असतं' असं सांगणारे खूप भेटतील. त्याला वैद्यकीय आधार नाही. आमच्या सासूबाईंचंही तेच मत होतं, त्यांना समजावायला मला दोन दिवस आणि एक पुरणपोळीचा बेत लागला.

लेक दोन दिवस रुसली. मग तिनेच एक वही आणली. पहिल्या पानावर रकाने आखले: नाव, जन्मतारीख, आई-वडील, कोणत्या वेतातले, कुठल्या चाचण्या, काय आजार आणि कितव्या वर्षी. रविवारी ती वही बाकावर ठेवली. बराच वेळ कोणी हात लावेना. आपल्या कुत्र्यात दोष आहे हे चारचौघांत लिहायला धीर लागतो, पहिली ओळ मी लिहिली तेव्हा माझाही हात अडखळला होता. मग मोजोच्या बाबांनी काही न बोलता पेन घेतलं आणि मोजोच्या नावापुढे 'वाहक' लिहिलं. स्नूपीच्या आजोबांनी चष्मा लावून अख्खी ओळ सावकाश भरली. 'कितव्या वर्षी' या रकान्यात त्यांनी 9 लिहिलं आणि पुढे महिनासुद्धा.

स्नूपी तेव्हा गवतावर गाडी ओढत होता. ती गाडी बर्फीला अजून नीट कळलेली नाही. मागे धावून धावून ती चाकांनाच टाच समजून चावे घेते, आणि स्नूपी वेग वाढवतो.