पाणी कोणाच्या हातचं?

एका बाईजवळ चांदीची दहा नाणी होती. त्यातलं एक हरवलं. तिने दिवा लावला, घर झाडून काढलं, कोपरान् कोपरा धुंडाळला. नाणं सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून आपला आनंद सांगितला. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली ही गोष्ट. कानातल्याचं मळसूत्र केरात पडलं म्हणून ज्या घरात कधी जमिनीवर ओणवं होऊन शोधाशोध झाली असेल, त्या घरात ती समजावून सांगावी लागत नाही. येशूच्या गोष्टींत असा संसार फार. पिठात कालवलेलं खमीर, जुन्या कपड्याला लावलेलं कोऱ्या कापडाचं ठिगळ, मध्यरात्री दार ठोठावून भाकरी उसनी मागणारा मित्र. देवाचं मोठं काही सांगायचं, तर ते घरातल्या वस्तूला धरूनच.

मराठीत ही रीत सगळ्यात सहज कुठे उतरली असेल, तर ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त. गंमत अशी, की या जाडजूड आत्मचरित्रात उपदेश जवळजवळ नाहीच. आहेत त्या आठवणी, पुष्कळ हसू आणि त्या हसण्याआड दडलेलं बरंच रडू.

लक्ष्मीबाई मूळच्या गोखल्यांच्या. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका, घरच्यांची मनू. १८५७ च्या बंडानंतर मनूच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याचा शिवला, त्याचा शिवला, पुन्हा आंघोळ. त्या विटाळाच्या धाकात मनू वाढली. पुढे वडिलांबद्दल लिहिताना त्यांच्या लेखणीला कडवटपणा आला नाही. वेड होतं ते वेड म्हणून सांगितलं, आणि माणूस मात्र आपला मानला. हे वाटतं तितकं सोपं नाही. ज्याच्यामुळे आपलं बालपण कोंडलं, त्याची आठवण हसत काढायला मनाचा केवढा मोठा उलगडा व्हावा लागतो!

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनूचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात. हे दुसरे, कवी टिळक. मनाला येईल ते करायचं, न सांगता घर सोडून जायचं, हातात आलेला पैसा मागणाऱ्याला देऊन टाकायचा, असा त्यांचा स्वभाव. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकोला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. ती अक्षरं एक दिवस आपल्यालाच शब्दांत पकडतील, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. गप्पा रंगल्या, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांच्या हातात 'नवा करार' ठेवला. हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांनी वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकून पडले. १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या चरित्रात हा दिवस प्रकाशाचा. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत तोच दिवस घर बुडाल्याचा. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पदरात लहानगा दत्तू. साडेचार वर्षांच्या आसपास त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. 'स्मृतिचित्रे'चं मोल इथे कळतं. नंतर स्वतः ख्रिस्ती झालेल्या बाईला हा काळ चटकन उरकता आला असता, सगळं देवाच्या योजनेत बसवून टाकता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. जेवढं दुःख झालं तेवढं लिहिलं. कोणाचं मन दुखावून मिळालेल्या प्रकाशाची किंमत कोणी तरी मोजलेली असते, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

अखेर त्या अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या; पण स्वतःचा धर्म आणि खाण्यापिण्याचं सोवळं सांभाळूनच. एकाच संसारात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एरवी उतावळा असलेला हा माणूस इथे थांबला, हे त्यांच्या कवितेइतकंच मोठं मानायला हवं.

मग एक दिवस, विचार करता करता, लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःलाच प्रश्न घातला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने पशुपक्ष्यांत वेगवेगळ्या जाती केल्या, त्या नुसत्या पाहून ओळखू येतात. माणसामाणसांत तशी कुठली खूण त्याने ठेवली आहे? हाडामांसात फरक नाही, जन्मण्यात नाही, मरण्यात नाही. तर मग ही वाटणी माणसानेच केली असली पाहिजे. आणि माणसाने केलेलं माणसाला मोडता येतं. त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं.

समोर ना पाद्री, ना प्रवचन. पाण्याचा विटाळ मानणाऱ्या घरातली लेक पाण्यापाशीच मोकळी झाली. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. आधी मन ओलांडून गेलं, मागून विधी आला.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण उलटा क्रम पुष्कळ दिसतो. धर्म बदलला, देवघराच्या जागी क्रूस आला, तरी जात मागच्या दाराने आत येतेच. चर्चमध्येसुद्धा लग्न जुळवताना ती विचारली जाते. इतर घरांचं तरी काय वेगळं? जातपात मानत नाही असं सांगणाऱ्या कितीतरी स्वयंपाकघरांत कामाला येणाऱ्या बाईंचा कप आजही निराळा, फळीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो. त्या कपाबद्दल घरात कोणी बोलत नाही. मुलं मात्र रोज बघतात.

सोवळं सुटलं तशी लक्ष्मीबाईंच्या घराची दारंही सुटली. अनाथ मुलं आली, आजारी माणसं आली, कवी आले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, त्यांच्याकडे राहिले ते घरच्या मुलासारखे. हळवे, पटकन रुसणारे. त्यांचं रुसणं सोसणं आणि त्यांना जेवायला बसवणं हे काम अर्थात घरच्या बाईंचं. एवढा माणसांचा राबता आणि मिळकत बेताची. त्यात टिळकांचा हात सढळ. शिलकेचा हिशेब जुळत नसे आणि तरी ताटं वाढली जात. या धांदलीचं वर्णन वाचताना हसू येतं. देवावरचा विश्वास हा शब्द त्यांनी तिथे वापरला नाही तरी चालतं.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अपुरंच राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, तेही ज्यांना पदर खोचून कामाला लागण्याची सवय अशा बाईंच्या चिकाटीने. मुलगा देवदत्त, तोच लहानपणीचा दत्तू, त्याला वडिलांच्या आठवणी हव्या होत्या. तुला आठवेल तसं लिहून दे, असं त्याने आईला सांगितलं. आई लिहायला बसली. नवऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं येत गेलं, वडिलांचं सोवळं आलं, ती साडेचार वर्षं आली, पाणी आलं. १९३४ पासून हे लेखन चार भागांत पुस्तकरूपाने येऊ लागलं आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. विजया मेहतांनी पुढे 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला तेव्हा सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या. पुस्तक अजूनही वाचनालयातून बऱ्याचदा बाहेरच गेलेलं असतं.