आधी कोणता रस्ता?

मुंबईच्या रस्त्यांची चर्चा दरसाल पावसाळ्यात खड्ड्यांच्या संख्येपाशी सुरू होते आणि गणपतीपूर्वी त्यांतले किती बुजले या हिशेबापाशी संपते. हा वार्षिक विधी प्रशासनाच्या सोयीचा आहे. कारण त्याच्या आडोशाने खरा प्रश्न दडून राहतो. कोणता रस्ता आधी दुरुस्त करायचा हे ठरवते कोण, आणि कोणत्या कसोटीवर?

जानेवारी 2023 मध्ये सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा सुमारे 6 हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम पंतप्रधानांच्या हस्ते वाजतगाजत सुरू झाला. त्या वेळी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचाच अंमल राहिला. जनतेच्या पैशाचा एवढा व्यय लोकप्रतिनिधींच्या एकाही प्रश्नाला सामोरा न जाता मंजूर झाला! कामे पाच अजस्र कंत्राटांत बांधली गेली. त्यांपैकी शहर विभागाचे कंत्राट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द करावे लागले. लोकनियुक्त सभागृहावाचून कारभार वेगाने चालतो, असे सांगणाऱ्यांनी हा वेग कोठे गेला तेही सांगावे.

आमचा काँक्रीटला तात्त्विक विरोध नाही. जड वाहतुकीच्या हमरस्त्यावर ते टिकते. परंतु रस्ता मरतो तो मुख्यतः पाण्याने. डांबराला बारीक भेग पडते, तीतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते, आधार भुसभुशीत होतो आणि वरून बसचे चाक गेले की खड्डा तयार. भेग वेळीच बुजवणे, कडेचे गटार वाहते ठेवणे, केबलसाठी वा जलवाहिनीसाठी खणलेला चर थराथराने दाबून भरणे, ही कामे स्वस्त आहेत. नेमके म्हणूनच ती कोणाला नको असतात. त्यांचे उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही आणि त्यांत टक्केवारीही फारशी सुटत नाही. तेव्हा बरा रस्ता बिघडू द्यायचा आणि पुरता बिघडला की समूळ उखडून नवा करायचा, ही रीत पडली. 2016 मध्ये रस्तेकामांतील घोटाळा उघड होऊन कंत्राटदारांवर गुन्हे नोंदले गेले, अभियंते निलंबित झाले. रीत मात्र कायम राहिली.

यात वर्गाचा प्रश्न आहे. साडेदहा किलोमीटरच्या सागरी किनारा मार्गावर हजारो कोटी रुपये ओतले गेले आणि त्यावर दुचाकीला व रिक्षाला प्रवेशच नाही. उलट गोवंडी-मानखुर्दच्या कामगाराला बसथांब्यापर्यंतचा पदपथ सलग मिळेल याची खात्री कोणी देत नाही. खड्ड्यात पडून प्राण जातात ते बहुधा दुचाकीस्वाराचे. त्यांत घरोघरी जिन्नस पोचवणारी पोरेही असतात, मिनिटांच्या हिशेबाने राबणारी. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी वारसांना 6 लाख रुपये भरपाई देण्याचा आणि ती जबाबदार कंत्राटदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. निर्णय स्वागतार्ह आहे, पण भरपाई मृत्यूनंतरची असते. दुरुस्तीचा क्रम त्याआधी ठरतो.

तो क्रम उघड्यावर आणणे, ही आपली मागणी असली पाहिजे. प्रत्येक प्रभागातील प्रत्येक रस्त्याची अवस्था, शेवटच्या दुरुस्तीचे वर्ष, कंत्राटदाराचे नाव आणि हमीची मुदत यांची नोंदवही विभाग कार्यालयात मराठीत लावली जावी. बस धावणारे रस्ते, रेल्वे स्थानके, शाळा व रुग्णालये यांच्या वाटा आणि वस्त्यांतील पायवाटा यांना अग्रक्रम मिळावा. किरकोळ दुरुस्तीसाठी पालिकेच्या कायम कामगारांची पथके असावीत. थंड डांबरमिश्रण 2018 पासून पालिका वरळीच्या स्वतःच्या प्रकल्पात बनवू लागली, मग ते घालणारे हात तेवढे कंत्राटी का? 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या त्या केवळ अध्यक्षपदे वाटून घेण्यासाठी नव्हेत. दुरुस्तीची यादी तेथे, नागरिकांसमक्ष मंजूर व्हावी.

मृणालताई गोरे 1961 मध्ये महापालिकेत गेल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी मोर्चेकरी बायकांसह सभागृहाच्या दाराशी नेला. नव्या सभागृहात आपले बळ किती, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. शाखांनी आपापल्या प्रभागातील रस्त्यांची पाहणी पावसाळ्याआधी स्वतः करावी, नोंदवही स्वतः तयार करावी आणि प्रभाग समितीच्या बैठकीत ती अधिकाऱ्याच्या यादीशेजारी ठेवावी.