थ्रो अप म्हणजे वर फेकणं नव्हे

कोल्हापूरच्या एका मैत्रिणीचं चांगलं सहा पानी पत्र आलं आहे. मुलगा-सून इंग्लंडात लीड्सला असतात, दोघंही नोकरीला जातात, म्हणून नातवाला सांभाळायला त्या सहा महिने तिकडे गेल्या होत्या. बाळ चौदा महिन्यांचं. एक दिवस सकाळपासून ते सारखं ओकायला लागलं. त्यांनी मुलाला फोन केला, मुलानं दवाखान्यात कळवलं, आणि थोड्या वेळानं तिथल्या नर्सबाईंचा घरी फोन आला. बाईंनी अगदी सावकाश विचारलं, 'इज ही थ्रोइंग अप?'

आमच्या मैत्रिणीचं इंग्रजी दहावीपर्यंतचं. थ्रो म्हणजे फेकणे, अप म्हणजे वर. बाळाला खेळणी खाली टाकायची खोड. तेव्हा त्या म्हणाल्या, 'नो नो, व्हेरी गुड बॉय. ही थ्रोज डाऊन ओन्ली.' नर्सबाई निश्चिंत झाल्या, काही वाटलं तर पुन्हा कळवा म्हणाल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळी सून आली तेव्हा बाळ मलूल होऊन पडलेलं. 'आई, ते विचारत होते, उलट्या होतायत का म्हणून!'

बाळ दोन दिवसांत खडखडीत बरं झालं. पण त्या लिहितात, 'सुनेनं रागाचा एक शब्दही काढला नाही, तेच मला जास्त लागलं.'

पत्रात आणखी एक प्रश्न आहे, नाव न छापता उत्तर द्या म्हणून विनंती केलेला. त्याकडे शेवटी येते. आधी या थ्रो अपचं पाहू.

मैत्रिणींनो, या बाईंची चूक एवढीच की त्यांनी दोन शब्दांचे दोन अर्थ घेतले आणि त्यांची बेरीज केली. इंग्रजीत साध्या क्रियापदाच्या मागे अप, ऑफ, आउट, ओव्हर असा एखादा चिमुकला शब्द येऊन बसला की पुष्कळदा ती बेरीज चुकते. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश केला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच कबूल केलं आहे की परक्या माणसाला सगळ्यांत अवघड जातात ती असली क्रियापदं. तेव्हा आपल्याला जड गेलं तर त्यात लाजायचं काही नाही.

आणि गंमत म्हणजे असला प्रकार आपल्याला नवा नाही. आपण मुलाला म्हणतो, 'तेवढा भात खाऊन टाक.' कुणी मराठी शिकणारा परदेशी पाहुणा ताटावर असला, तर तो बिचारा भात खाईल आणि मग काय टाकायचं म्हणून इकडेतिकडे पाहील! 'मी बोलून गेले' म्हणताना आपण कुठंही जात नाही. 'भलतंच करून बसला' यात कुणी बसलेलं नसतं. टाकणे, जाणे, बसणे ही क्रियापदं आपला मूळ अर्थ सोडून आधीच्या क्रियेला रंग देतात. इंग्रजीत पुष्कळदा तेच काम हे चिमुकले शब्द करतात. 'ईट इट अप' म्हणजे तंतोतंत 'खाऊन टाक'. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाकणं. असला अप दिसला की 'वर' विसरायचं आणि 'टाकणे' आठवायचं.

आता स्वयंपाकघरात चला, कारण तिथे ही क्रियापदं जागोजाग सांडलेली असतात. दूध उतू गेलं, 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर'. (आपलं 'उतू जाणे' तरी काय, दोन तुकड्यांचंच आहे की!) दूध नासलं, 'द मिल्क हॅज गॉन ऑफ'. साखर संपली, 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर'. इथे साखर पळत नाही, आपणच तिच्यातून बाहेर पडतो, असा त्यांचा उलटा हिशेब. गॅस बारीक करा, 'टर्न डाऊन द गॅस'. आणि दाखवून झाल्यावर मुलाकडच्यांनी नकार कळवला, तर तेही 'टर्न डाऊन'च.

गो ऑफचं तर विचारूच नका. दिवा 'वेंट ऑफ' झाला म्हणजे विझला, बंद पडला. पण गजर 'वेंट ऑफ' झाला म्हणजे वाजला! तसंच 'वॉश अप'. इंग्लंडात कुणी वॉश अप करते म्हटलं तर ती जेवणाची भांडी घासणार. अमेरिकेत म्हटलं तर हातपाय-तोंड धुणार. लेकीकडे जाणाऱ्यांनी आधी देश पाहून घ्यावा.

एका बाबतीत मात्र इंग्रजीनं आपल्यावर दया केली आहे. आपण साडी नेसतो, पोलकं घालतो, बांगड्या भरतो, चष्मा लावतो, पदर घेतो. इंग्रजीत या सगळ्याला एकच 'पुट ऑन'. कुंकूसुद्धा पुट ऑन, आणि दिवाळीत अंगावर चढतं ते वजनसुद्धा पुट ऑन. फक्त एवढं ध्यानात ठेवा की पुट ऑन ही नेसण्याची क्रिया. नेसून झालं, आता अंगावर आहे, तर ते 'वेअर'. 'आय ॲम पुटिंग ऑन अ सारी' असं दारात आलेल्या पाहुण्यांना सांगितलंत तर ते गोंधळतील.

शब्दांच्या जागेचाही एक नियम आहे. 'टर्न ऑफ द गॅस' चालतं, 'टर्न द गॅस ऑफ'ही चालतं. पण गॅसच्या जागी 'इट' आला की तो मधेच बसवायचा: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कानाला खटकतं. उलट 'लुक आफ्टर' हे जोडपं कधी तुटत नाही. आजी नातवाला सांभाळते, 'शी लुक्स आफ्टर हिम'. त्या दोन शब्दांच्या मधे नातवाला घुसवता येत नाही.

आपल्याकडचे काही घरचे प्रयोगही तपासून घ्यायला हवेत. 'कोप अप विथ' आपण सर्रास म्हणतो. तिथे अप नको, नुसतं 'कोप विथ'. पासआउटची फजिती तर माझीच. मुलगी कॉलेजातून बाहेर पडली त्या वर्षी एका इंग्रज बाईंना मी कौतुकानं सांगितलं, 'माय डॉटर पास्ड आउट.' त्यांचा चेहरा एकदम उतरला. 'आता बरी आहे ना ती?' मला कळेना, बरी नसायला काय झालं! तिकडे साध्या बोलण्यात पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. आपल्याकडे खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते ती बरोबरच आहे, लष्करी शिक्षणाबाबत इंग्रजही तसंच म्हणतात. पण कॉलेजच्या मुलीनं 'ग्रॅज्युएट' झालेलं बरं. आणि 'पास अवे' म्हणजे निधन. आउट आणि अवे यांत तेवढी गल्लत करू नका हो, समोरच्याचा जीव जाईल!

ही क्रियापदं लक्षात कशी ठेवायची, असंही पत्रात विचारलं आहे. बाजारच्या पुस्तकांत पुटची वीस, गेटची तीस अशा याद्या असतात. त्या पाठ करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पुट ऑफ, पुट आउट, पुट अवे यांची डोक्यात भेळ होते आणि वेळेवर एकही आठवत नाही. त्यापेक्षा घरातल्या जागेप्रमाणे लिहावं. गॅसजवळ टर्न डाऊन आणि बॉइल ओव्हर, साखरेच्या डब्यावर रन आउट ऑफ, आणि प्रत्येक वेळी आपल्या घरातलं पूर्ण वाक्य. फोनजवळच्या कागदावर आजारपणाची चारच वाक्यं पुरेत: 'ही इज थ्रोइंग अप', बाळाला उलट्या होतायत. 'ही पास्ड आउट', शुद्ध गेली. 'ही हॅज कम डाऊन विथ फीव्हर', ताप आलाय. 'ही इज गेटिंग ओव्हर इट', आता उतार पडतोय. आणि समोरच्याचं कळलं नाही तर हो किंवा नाही न म्हणता 'प्लीज से इट इन सिम्पल वर्ड्स' म्हणावं. नर्सबाईंनी मग 'व्हॉमिटिंग' म्हटलं असतं, आणि तो शब्द आपल्याला सगळ्यांना येतो.

आता तो दुसरा प्रश्न. त्या लिहितात, 'परत यायच्या आठवड्यात सून फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मदर-इन-लॉ आणि पुट अप एवढंच मला ऐकू आलं. तेव्हापासून मनात घोळतंय. याचा अर्थ काय?'

बाई, एवढ्यावरून मला सांगता येत नाही. 'वुई आर पुटिंग हर अप' असं असेल तर अर्थ साधा आहे, त्यांना आम्ही आमच्याकडे ठेवून घेतलंय. मागे 'विथ' लागला की तेच सोसणं, खपवून घेणं होतं. पण विथ होता असं धरलं तरी कुणी कुणाला सोसलं ते वाक्याच्या सुरुवातीला असतं, आणि तेच तुम्हाला ऐकू आलेलं नाही. 'शी हॅज पुट अप विथ अ लॉट' असंही सून म्हणाली असेल, म्हणजे सासूबाईंनी इथे खूप सोसलं. राग गिळून बाळाचं औषध हातात घेणारी मुलगी असं म्हणू शकते, असं मला तुमच्याच पत्रावरून वाटतं. पुढच्या रविवारी नातवाला पाहायला व्हिडिओ कॉल लावाल, तेव्हा तिला सरळ विचारा, 'अगं, पुट अप आणि पुट अप विथमध्ये फरक काय?' आणि ती काय सांगते ते मला कळवा.