मोडी कागद आणि यंत्राचे वाचन

ग्वाल्हेरच्या कंपूचे नावच छावणीचे आहे. 1810 साली दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्याचेच पुढे लष्कर शहर झाले. त्या दरबारचा मराठी व्यवहार मोडीत चाले. आज ती लिपी वाचणारे मोजकेच उरले आहेत. 2025 साली रुडकीच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी मोडीचे देवनागरी करणारी यंत्रणा पुढे आणली. तिचे आम्ही स्वागत करतो.

मात्र आज मिळणारी कृत्रिम बुद्धी सारी मर्यादित जातीची आहे. माणसासारखी सर्वगामी बुद्धी अजून कल्पनेतच आहे. या मर्यादितातही एक प्रकार ओळखणारा, दुसरा रचणारा. पहिला अक्षराचे वळण ताडतो. दुसरा मागच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द मांडतो. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यात कागद कसरीने खाल्लेला! अक्षर गेले तेथे जाणता वाचक टिंबे देतो. रचणारे यंत्र तेथे शोभेसा शब्द बसवू शकते, तोही इतका सफाईदार की शंकाच येऊ नये. तो शब्द वतनाच्या हिश्श्याचा वा दत्तकाचा असला तर?

गोव्याच्या पुराभिलेखागारातही मोडी कागद आहेत. यंत्राने पहिले वाचन खुशाल करावे; पण शेजारी मूळ पानाचे छायाचित्र आणि खाली मोडी जाणणाऱ्याची सही हवी. त्यासाठी मोडीचे वर्ग चालले पाहिजेत. यंत्र आले, आता वर्ग कशाला, असे एखाद्या काटकसरी सचिवाला सुचण्यापूर्वीच हे सांगून ठेवतो.